तोंडात धरलेला घोट

शिलानं नळीचं हाडूक पाट्यावर उभं धरलं आणि वरवंट्याचा एक दणका दिला. हाडूक उभं चिरलं. आतला गर तिनं चमच्याच्या दांडीनं वाटीत खरवडून काढला, त्यावर गरम रस्सा ओतला आणि वाटी लिंबाखालच्या फळीवर नेऊन ठेवली. फळीवर आधीच तीन वाट्या होत्या. एकीत भाजलेले शेंगदाणे आणि गूळ, एकीत वांग्याचं भरीत, एकीत तव्यावरचा ठेचा. ही चौथी.

"एवढ्या वाट्या कोणाला?" बाजेवरून रूपसिंग म्हणाला. "वरात येऊन राहिली का कोणाची?"

"तुला हायेत."

"मी तर एकटाच हाय."

"मंग एकटाच खा."

रूपसिंग हसला. हसताना त्याचा डावा गाल हलला नाही. ऑपरेशन झाल्यापासून तो गाल आत ओढलेला होता, आणि हसू अर्ध्या तोंडातच थांबायचं. सहा महिन्यांत माणूस एवढा वाळला होता की बाजेची सुंभं त्याच्या खाली वाकतसुद्धा नव्हती. शिला काल संध्याकाळी आली तेव्हा तिला आधी वाटलं, बाजेवर नुसतीच गोधडी पडलीय.

तांडा डोंगरकडा गावाच्या अलीकडं, रस्त्यापासून आत. रविवार होता, त्यामुळं सकाळी मटण मिळालं. मे महिन्याचं ऊन पत्र्यांवर असं तापलं होतं की कोंबड्यासुद्धा सावली सोडत नव्हत्या. शिलाचे हात ठेच्यानं झोंबत होते, नाक वाहत होतं. तव्यावर मिरच्या परतताना सगळ्या गल्लीला ठसका लागला होता, आणि पलीकडून कोणीतरी ओरडलंही होतं, की नाशिकवाली आली वाटतं, आता जगू द्यायची नाही.

"याडी, बाटली आण," तिनं आईला हाक मारली.

भिकाबाई आतून बाटली घेऊन आली. पदराखाली, दोन्ही हातांनी धरून, जसं काही त्यात लेकरू आहे. बाटलीवर कागद नव्हता. नुसती काळपट हिरवी काच, वर हातानं दाबून बसवलेलं बूच.

"डॉक्टरनं दारू बंद सांगितली हाय," ती म्हणाली. बाटली घरात आल्यापासून अठरा दिवसांत हे वाक्य ती फोनवर आणि समोर धरून दहा वेळा तरी म्हणाली असेल.

"प्यायची न्हाईच. घोट घ्यायचा, तोंडात फिरवायचा, थुकायचा."

"थुकायचा?" रूपसिंग कोपरावर उठला. "मंग घ्यायचा कशाला?"

"आमच्या वाईनच्या कारखान्यात सगळे तेच करतात. मोठमोठे लोक येतात, बघतात, हुंगतात, घोट घेतात आन बादलीत थुकतात."

"आन त्याचा पगार भेटतो त्यान्ला?"

"भेटतो."

"मंग मी काहून हळदीत मेलो आयुष्यभर," रूपसिंग म्हणाला. "बसलो असतो थुकत."

भिकाबाई तोंडाला पदर लावून हसली. शिलाला हसू आलं नाही. तिनं राखेचा डबा बाजेखाली सरकवला, थुकायला. आज तिला काय ते कळणार होतं.

नववीत असताना सरांनी फेकलेलं डस्टर शिलानं परत सरांकडं फेकलं, तेव्हा तिची शाळा संपली. मग दोन वर्षं घरात सगळ्यांशी भांडण, मग तांड्यातल्या टोळीबरोबर नाशकाकडं द्राक्षं तोडायला. तिथं वाईनच्या कारखान्यात एकदा माल उतरवताना ती एका स्टीलच्या टाकीपाशी थबकली आणि म्हणाली, ह्यात काहीतरी बिघडून राहिलंय. माणसं हसली. चार दिवसांनी टाकी ओतून द्यावी लागली. तेव्हा पाहुण्यांना वाईन चाखवतात त्या टेस्टिंग रूमवाल्या प्रतिक्षा मॅडमनी तिला बोलावलं आणि विचारलं, तुला वास कसा आला गं?

"बाचं नाक हाय माझ्याकडं," शिला म्हणाली होती.

ते खरंच होतं. रूपसिंग हळद शिजवणारा. फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत गावोगाव जायचा, हळदीचे ड्रम लावायचा, खाली जाळ घालायचा आणि वाफेत उभा राहायचा. बाकीचे लोक हळकुंडात काडी टोचून बघायचे. रूपसिंग काडीला हात लावायचा नाही. वाफ अंगावर घेत उभा राहायचा, आणि एका क्षणाला म्हणायचा, उतरवा. जरा आधी उतरवली तर हळद कच्ची, जरा उशीर झाला तर रंग गेला. वसमतच्या बाजारात त्याच्या हातची हळद लोक ओळखायचे. लहानपणी शिला त्याच्या कमरेला धरून त्या वाफेत उभी राहायची. तो विचारायचा, आता कसा वास? ती सांगायची, मातीचा. आता? कच्च्या मक्याचा. आता? आणि ती काही म्हणायच्या आत तो ओरडायचा, उतरवा.

मग गालात गाठ निघाली. नांदेडला ऑपरेशन झालं, तेहतीस वेळा किरणांचा शेक दिला. गाठ गेली. गाठीबरोबर नाकही गेलं आणि जीभही. पाणी कागदासारखं लागतं, भाकरी मातीसारखी, असं तो आधी सांगायचा. नंतर सांगायचं बंद केलं, आणि खायचंही. डॉक्टर म्हणाले होते, चव बहुतेक सहा महिन्यांत येते, कोणाची वर्षानं येते, कोणाची येत नाही.

मार्चमध्ये डोंगरकड्याच्या माणिकरावांनी त्याला मुद्दाम मान देऊन बोलावलं. म्हणाले, तू नुसता उभा राहा, रूपसिंग. तो उभा राहिला. वाफ आली, गेली, आणि तो बघतच राहिला. त्यानं उतरवा म्हटलं तेव्हा हळद लगदा झाली होती. दुसऱ्या दिवशी माणिकरावांच्या गड्यानं मोबाईलमध्ये गजर लावला आणि गजरावर ड्रम उतरवले. हे सगळं भिकाबाईनं शिलाला फोनवर सांगितलं, हळू आवाजात, घराच्या मागं जाऊन.

त्याच आठवड्यात शिलानं बापाला सांगून टाकलं होतं, "सहा महिने भरले की नव्या वाईनची बाटली आणते. तुला चव कळली तर मी परत जाईन. न्हाई कळली तर हितंच राहीन. तुला भरवीन सकाळ-संध्याकाळ."

"आन तुजं काम?"

"गेलं खड्ड्यात."

तो फोनवर म्हणाला, "ती नवी वाईन कशी लागती गं?" तेव्हापासून रोज संध्याकाळी तो हेच विचारायचा. आणि शिला रोज सांगायची, कारण बापानं काहीतरी विचारलं ह्याचंच तिला बरं वाटायचं.

बाटली तिनं उत्तमसिंगच्या हाती आधीच पाठवली होती. तो तांड्यातलाच, पिकअपमध्ये केळी भरून नाशकाला आला होता. बिनकागदाची बाटली एसटीत नेली आणि कोणी पकडलं तर काय, ही तिला भीती. तिला स्वतःला सुट्टी मिळायला अठरा दिवस लागले.

आणि मंगळवारी परत हजर व्हायचं होतं. नव्या वाईनचं मराठी कार्ड लिहून घेऊन. प्रतिक्षा मॅडम म्हणाल्या होत्या, "इंग्रजी कार्ड पुण्याहून येईल. मराठी तू लिही. कशी लागते, कशाबरोबर खायची. चीज आणि ऑलिव्ह लिहू नकोस, ते सगळेच लिहितात. चांगलं झालं तर काउंटर तुझा." तांड्यातली, नववीतच शाळा सुटलेली पोरगी, आणि काउंटर तिचा. शिलानं हे कोणाला सांगितलं नव्हतं. फक्त बापाला सांगितलं होतं.

"काचेचा ग्लास आणलाय," ती म्हणाली. "बारीक दांडीचा. त्यात रंग दिसतो."

"हातातून सुटंल," रूपसिंग म्हणाला. "माझा पेला दे."

स्टीलच्या पेल्यात भिकाबाईनं ओतलं. शिलाचे हात मिरचीचे होते म्हणून तिनं बाटलीला हात लावला नाही. आणि मुद्दाम लांब, चुलीपाशी जाऊन बसली. टेस्टिंग रूममध्ये पहिल्या दिवशी हेच शिकवतात, की पाहुण्याच्या आधी आपण हुंगायचं नाही, चाखायचं नाही, बोलायचं तर अजिबात नाही. आपण आधी बोललो की आपले शब्द त्याच्या तोंडात जातात. तिला बापाचे शब्द हवे होते. तिनं वही उघडली आणि पेन हातात धरलं.

"ढवळ आधी," ती म्हणाली.

"साखर टाकली का ह्यात?"

"ढवळ म्हणते ना, बा."

रूपसिंगनं पेला गोल फिरवला. नाकाशी नेला. डोळे मिटले. मग एक घोट घेतला आणि तोंडात धरला.

शिला बघत होती. तिचं बघणं असं होतं की टेस्टिंग रूममध्ये पाहुण्याच्या भुवईवरून ती सांगायची, ह्याला आवडलं नाही पण हा घेणार. बापाची भुवई हलली नाही. पण त्याचा डावा हात बाजेच्या सुंभाला धरून होता आणि बोटांची पेरं पांढरी पडली होती. मिटलेल्या डोळ्यांच्या कडेला पाणी आलं. एक थेंब खाली उतरला, आत ओढलेल्या गालाच्या खळगीत जाऊन थांबला.

त्यानं घोट तोंडात धरला तो धरलाच. मग हळूच वाकला आणि राखेत थुकला.

"काय?" शिलानं विचारलं.

"जांभूळ," रूपसिंग म्हणाला.

भिकाबाईनं दोन्ही हात जोडले आणि घराच्या दाराकडं तोंड केलं.

"कसलं जांभूळ? पिकलेलं का..."

"पिकलेलं. पण सालीजवळचं. तुरट. जीभ अशी ओढून घेती." त्यानं डोळे पुसले. "तेज हाय गं ही. लई तेज हाय."

शिलानं लिहिलं.

"आता शेंगदाणा आन गूळ खा. मंग घोट घे."

त्यानं शेंगदाणा तोडला, गुळाचा खडा जिभेवर ठेवला, दुसरा घोट घेतला. ह्या वेळी त्याची मान थोडी मागं गेली. थुकला.

"शेंगदाणा बराबर हाय. गूळ न्हाई जमत. गुळानं ती मरती. नुसतीच आंबट लागती मंग."

"मी तेच म्हणलं होतं मॅडमला," शिला उठून उभी राहिली. "त्या म्हणाल्या चिक्की ठेवू. मी म्हणलं, गोडानं ती मरती. कोणी सांगितलं तुला?"

"कोण सांगंल? जीभ सांगती."

"आता भरीत."

भरताबरोबर त्यानं सांगितलं, धूर दोघांतही आहे, वांग्याच्या सालीत आणि हिच्यात, म्हणून दोघांचं जमतं. ठेच्याची वाटी त्यानं बोटानं लांब केली. म्हणाला, ही नको, मिरचीपुढं ती बिचारी काय बोलणार. शिला भराभर लिहीत होती. मग तिनं नळीची वाटी त्याच्या पुढं केली.

टेस्टिंग रूममध्ये चीजचे तुकडे मांडताना तिला कायम हीच वाटी दिसायची. तांड्यावर नळी आणि बाटी, म्हणजे हाडकाचा रस्सा आणि ज्वारीची भाकरी, हेच सणाचं जेवण. तिला पहिल्या घोटाला वाटलं होतं, ही दारू कुणीतरी नळीच्या रश्शासाठीच केली असणार.

रूपसिंगनं चमचाभर गर घेतला. बराच वेळ चघळला, गर एवढा चघळावा लागतच नाही तरी. वरून घोट घेतला.

"चरबी कापती ती," तो थुकून म्हणाला. "जिभेवर तेलाचा थर बसतो ना, सुरीनं काढल्यावानी काढती. मंग दुसरा घास खावा वाटतो."

"अजून? मागून काय येतं?"

तो थांबला. वर लिंबाच्या पानांकडं बघितलं. त्याचा चेहरा पालटला, जसा लांबून कोणी हाक मारल्यावर पालटतो.

"हळद उतरवायच्या आधी वाफ बदलती," तो सावकाश म्हणाला. "आधी मातीची असती. मग एकदम गोडसर होती, पण गोड नसती. नाकाच्या वरच्या अंगाला लागती. एवढाच वेळ. तेवढ्यात उतरवलं तर उतरवलं. तशी येती ही, मागून."

शिलाचं पेन थांबलं. हे वाक्य कारखान्यातल्या कोणीही लिहिलं नसतं. पुण्याहून येणाऱ्या इंग्रजी कार्डात हे कधीच येणार नव्हतं. तिनं ते शब्दन् शब्द लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

"आली चव," भिकाबाई म्हणाली. "आली बघा."

"आली," रूपसिंग म्हणाला. आणि लगेच, "सकाळची गाडी किती वाजता हाय गं, नांदेडवरून?"

"दहाला."

"मंग पहाटंच निघावं लागंल. उत्तमसिंगला सांगून ठेव. हितून तो सोडंल."

"बघू."

"बघू काय? तू बोलली होतीस."

"बोलली होते तर जाते की. हाकलतो कशाला?"

"कमावतं लेकरू घरात बसलं की बापाला घोर लागतो," तो म्हणाला आणि उशीवर टेकला. "जा. तुजी कापडं घडी करून दे म्हण तुज्या आईला."

भिकाबाई आत गेली. रूपसिंगनं डोळे मिटले. तोंड मात्र त्यानं थोडं उघडं ठेवलं होतं आणि श्वास तोंडातून घेत होता, सावकाश, तोंडात गरम घास अडकलेल्या माणसासारखा.

शिला हात धुऊन आली. नाक शिंकरलं, ओढणीनं पुसलं. दोन रेघा मारलेलं वाक्य पुन्हा वाचलं. तिला ती वाफ स्वतःच्या जिभेवर हवी होती. एवढ्या वेळा ही वाईन तिनं घेतली आणि तिला हळद कधी कशी सापडली नाही? बापाचं नाक बापाचं, असं म्हणून ती मनात हसली. तिनं बारीक दांडीचा ग्लास काढला आणि बाटलीतलं थोडं त्यात ओतलं.

रंग विटकरी होता. लाल नव्हे, जुन्या विटेचा.

तिनं ग्लास नाकाशी नेला आणि लगेच खाली घेतला. पुन्हा नेला. नखाला लावायच्या पॉलिशचा वास. त्या ओतून दिलेल्या टाकीचा वास. तिनं घोट घेतला. जिभेच्या दोन्ही कडा जळाल्या, गाल आतून आवळले. तिच्या धडधाकट तोंडात तो घोट दोन क्षणसुद्धा टिकला नाही. राखेच्या डब्यापर्यंत जायचीही उसंत मिळाली नाही, तिथंच मातीत थुकला.

जांभूळ नव्हतं. धूर नव्हता. चरबी कापणारं काही नव्हतं. सिरका होता नुसता.

ती ग्लास हातात घेऊन उभी राहिली. जांभूळ तिनंच सांगितलं होतं, मार्चमध्ये, फोनवर. गुळानं मरते, हेही तिनंच सांगितलं होतं. मॅडमशी वाद झाला त्या संध्याकाळी. वांग्याचा धूर, चरबीचा थर, सुरी, सगळं तिचं. तो रोज विचारायचा आणि ती रोज सांगायची. पाठ करून बसला होता म्हातारा. हळदीची वाफ तेवढी त्याची होती, आठवणीतली.

आणि हा घोट त्यानं चार वेळा तोंडात धरला होता. शेकानं आतून सोललेल्या तोंडात.

ती ताडताड घरात गेली. भिकाबाई ट्रंकेवर बसून तिची ओढणी घडी करत होती.

"याडी, बाटली कोणी उघडली होती?"

"मीच की. आली त्याच दिवशी."

"काहून?"

"देवीपुढं ठेवायची होती." भिकाबाईनं कोनाड्याकडं हात केला. कोनाड्यात देवीची तसबीर, समोर विझलेली पणती आणि बाटलीच्या बुडाचा गोल डाग. "झाकलेला निवद देवी घेती का? बूच काढून ठेवली होती. माशा बसाय लागल्या म्हणून वर फडकं बांधलं. काल तू आलीस तवा बूच लावलं."

"अठरा दिवस?"

"अठरा दिवस. रोज दिवा लावला. म्हणलं, बाई, लेकीनं कमावून आणलीय, आधी तू चाख आन मंग ह्यांच्या तोंडाला चव दे." तिनं ओढणी मांडीवर ठेवली आणि लेकीच्या तोंडाकडं बघितलं. "का गं? बिगडती का? दारू कशी बिगडंल?"

शिलाच्या तोंडात शिवी आली होती. देवीला, आईला, कोणालाही लागली असती. पत्र्याखाली आतमध्ये भट्टीसारखं तापलं होतं. भिकाबाईच्या कपाळावरचा घाम भुवईवर येऊन थांबला होता आणि ती तो पुसत नव्हती, उत्तराची वाट बघत होती.

"न्हाई," शिला म्हणाली. "दारू न्हाई बिगडत."

"मंग? तुला काय झालं?"

"काय न्हाई. मिरची गेली डोळ्यात."

"ऐकलं ना देवीनं," भिकाबाई म्हणाली आणि पुन्हा ओढणी घेतली. "मला तर वाटलं होतं न्हाई ऐकायची. एवढे दवाखाने झाले, एकानं तरी सांगितलं का की येईलच म्हणून?"

शिला बाहेर आली तेव्हा रूपसिंग बाजेवर बसला होता. पाय खाली सोडून, दोन्ही हात गुडघ्यावर. त्यानं बारीक दांडीचा ग्लास बघितला, मातीतला ओला डाग बघितला, मग तिच्याकडं बघितलं. वाफेत उभा राहायचा तेव्हा तो असाच बघायचा, ड्रमाकडं, डोळे बारीक करून.

"घेतलीस का तू?"

"घेतली."

"कशी हाय?"

बाटली तिच्या हाताशी होती. एका हिसक्यात ती लिंबाच्या बुंध्यावर फुटली असती आणि सगळं एकदाचं बोलून झालं असतं. तू खोटं बोलतोस. तुला काही कळत नाही. मी नाही जात. तिचा हात बाटलीच्या मानेवर गेलाही.

"तू म्हणला तशीच," ती म्हणाली.

रूपसिंग बघत राहिला. लोक म्हणायचे त्याचं नाक चालतं, पण शिलाला लहानपणापासून माहीत होतं, नाकाच्या बरोबरीनं त्याचे डोळे चालतात. तिनं मान दुसरीकडं वळवली. तिथं बघण्यासारखं काही नव्हतं. कोंबड्या होत्या.

"जांभूळ?" त्यानं विचारलं.

"जांभूळ."

"आन मागून?"

"मागून..." तिनं बाटलीच्या मानेवरचा हात काढला. "मागून हळदीची वाफ."

त्याच्या अर्ध्या चेहऱ्यावर काहीतरी येऊन गेलं. मग रूपसिंगनं नळीची वाटी स्वतःकडं ओढली. रस्सा निवला होता.

"बाटी दे," तो म्हणाला.

तिनं टोपल्यातली ज्वारीची बाटी काढली, अर्धी मोडून दिली. त्यानं ती रश्शात बुडवली. घास तोंडात घातला, उजव्या अंगानं चावला, गिळला. गिळताना गळ्याचं हाडूक वर चढायचं, तिथं अडायचं, आणि मग उतरायचं. दुसरा घास. तिसरा. काल रात्री ह्याच माणसानं दोन घासांवर ताट सरकवलं होतं. आता तो तिच्याकडं बघतसुद्धा नव्हता. खाली मान घालून, एखादं काम नेमून दिल्यासारखा खात होता. घाम कपाळावरून नाकावर आला. त्यानं बाहीनं पुसला आणि पुढचा घास उचलला.

वाटी रिकामी झाली. त्यानं बोटानं निपटून घेतली आणि तिच्यापुढं धरली, आतला तळ दिसेल अशी.

"आजून वाढू?"

"वाढ."

तिनं पातेल्यातून रस्सा ओतला. थोडा रस्सा फळीवर सांडला.

"रोज एवढं खाशील?"

"खाईन."

"फोनवर दाखवायची, रिकामी वाटी. रोज."

"दाखवीन की."

"याडीला खाऊ घालून रिकामी वाटी दाखवशील तू."

"माझ्या दाढीवरचा रस्सा दिसंल की, तुज्या आईला दाढी कुठं हाय?" रूपसिंग म्हणाला. "मला खातानीच बघ मंग."

शिला फळीपाशी खाली बसली. ठेच्याची वाटी तिनं उचलून लांब ठेवली. मग दुसरी बाटी घेतली आणि रश्शात कुस्करायला लागली, बारीक, दात न आलेल्या लेकराला करतात तशी, एकही खडा बोटाला लागणार नाही इतकी.